फोडणीतील गहू
बाजरी व ज्वारी यांची भाकरी हे अहिल्यानगर जिल्ह्यातील नित्याचे अन्न होय. त्यामुळे सीलिअक रोग्यास गहू वर्ज्य करणे तेथे सुलभ भासते. गव्हामुळे हा रोग बळावतो, हे डच वैद्य विलेम डिके यांनी १९५० च्या प्रबंधात दाखविले. परंतु पोळी टाळली तरी फोडणीतून गहू पोटात जाऊ शकतो. कारण बाजारी हिंगात डिंकाबरोबर पुष्कळदा गव्हाचे पीठ मिसळलेले असते. याउलट सायट्रिक आम्ल किंवा गवारीच्या बियांचा डिंक यांची नावे परकी वाटली, तरी त्यांत ग्लूटेन हे अपायकारक प्रथिन नसते. जवाचा माल्ट मात्र त्याज्यच. भारतीय नियमानुसार ‘ग्लूटेनमुक्त’ पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपर्यंतच ग्लूटेन चालते. तेव्हा घरातील मंडळींनी डबीवरील घटक वाचूनच तांदळाच्या पिठाचा हिंग निवडावा, हे श्रेयस्कर.