बिब्बा : औषध की विष?

आपल्या चामोर्शी परिसरात सांधे सुजले की बिब्बा आठवतो. मात्र त्याच्या तेलाने अंगावर फोड येतात. म्हणूनच आयुर्वेदाने तो विटेच्या चुऱ्याने शुद्ध करण्यास सांगितले आहे.

प्रयोगशाळेत प्रथम उंदरांना वाढत्या मात्रा देऊन यकृत व मूत्रपिंडे तपासतात. मग औषध देऊन पंज्यात समुद्रशेवाळातील कॅरॅजीनन टोचतात आणि सूज किती कमी येते, हे मोजतात. मद्रास विद्यापीठातील संशोधकांनी 2004 मध्ये बिब्ब्याच्या अर्काचा सूजनाशक गुण नोंदविला. तथापि तो अर्क मोजून दिलेला होता. घरचा कच्चा बिब्बा नव्हे.

वडीलधाऱ्यांच्या अनुभवाचा आम्ही आदरच करतो. परंतु पालकहो, लेकरांना बिब्बा लावण्यापूर्वी डॉक्टरांना अवश्य विचारावे.