कंट्रोलर घेण्याआधी प्रश्न ठरवा

देहूतल्या कीर्तनात पखवाजाची लय कशी सरकते, यावर काम करायचं ठरवलं आणि पहिलीच चूक केली. फेलोशिप जमा झाली तसा डीजे कंट्रोलर घेऊन टाकला. सोळा पॅड, दोन जॉग व्हील. गाणी मिसळायला झकास, माझ्या कामाला मात्र अपुरा.

असं का झालं? कंट्रोलर स्वतः आवाज काढत नाही. तो संगणकाला आकडे पाठवतो: कोणतं पॅड दाबलं आणि, पॅडला जोर कळत असेल तर, किती जोरात. १९८३ साली आलेल्या मिडी पद्धतीत हा जोर ० ते १२७ एवढ्याच पायऱ्यांत मावतो. पण कणीक लावलेल्या डाव्या पुडीवर थाप उघडी पडली की बंद, हे साध्या पॅडला कळतच नाही. दोन महिन्यांची नोंद वाया गेली.

म्हणून आधी स्वतःला विचारा, मला नक्की काय मोजायचंय?

फक्त ठोक्याची वेळ हवी? जोर कळणारे पॅड पुरतात. पण विलंब तपासा. सेकंदाला ४४,१०० नमुने आणि ५१२ नमुन्यांचा बफर असेल, तर एकट्या बफरमुळे आवाज साधारण १२ मिलिसेकंद उशिरा येतो.

बोटाचं सरकणं हवं? एमपीई चालणारा कंट्रोलर बघा.

खऱ्या पुडीचा नाद हवा? मग कंट्रोलर नकोच, चांगला माइक घ्या.

संशोधन प्रस्तावातही हाच क्रम ठेवा: आधी प्रश्न, मग मोजमाप, खरेदी सगळ्यात शेवटी.