शेंगापोळीतला एक वाईट दाणा

जानेवारी उजाडला की सोलापुरात दोन कामे एकदमच सुरू होतात. होम मैदानावर गड्ड्याचे पाळणे उभे राहू लागतात आणि घरोघरी शेंगा फोडायला बसतात. ग्रामदैवत श्री सिद्धरामेश्वरांची यात्रा मकर संक्रांतीला धरून भरते. मानाच्या सात नंदीध्वजांची मिरवणूक, संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा, होमविधी, शोभेचे दारूकाम असे चार-पाच दिवस शहर जागे असते. गावोगावचे पाहुणे येतात आणि त्यांच्या ताटात तुपासोबत शेंगापोळी पडते. कन्नड बोलणाऱ्या घरांत तिलाच शेंगा होळिगे म्हणतात.

यात्रेसाठी हीच पोळी का, याला शास्त्रीय कारण आहे. पुरणपोळीच्या पुरणात शिजवलेल्या डाळीचे पाणी असते, म्हणून ती दुसऱ्या दिवशीच आंबू लागते. शेंगापोळीच्या सारणात भाजलेल्या दाण्यांचा कूट आणि गूळ. दोन्ही जवळजवळ कोरडे, आणि जे थोडे पाणी असते ते गूळ धरून ठेवतो. जंतूंना वाढायला पाणी मिळत नाही, त्यामुळे पोळी आठवडाभर टिकते. गर्दीच्या दिवसाची तयारी आधी करून ठेवायची तर असाच पदार्थ हवा, हे जगभरच्या घरांनी ओळखलेले दिसते. अमेरिकेत केंटकी राज्यात मे महिन्यातल्या पहिल्या शनिवारी घोड्यांची मोठी शर्यत असते. त्या दिवसासाठी तिथे अक्रोड आणि चॉकलेट घालून पाय भाजतात. पारीच्या जागी मैद्याचा खुसखुशीत कवच, गुळाच्या जागी साखर, तव्याच्या जागी ओव्हन. पण तेलबियांचे गोड सारण पिठाच्या आवरणात भाजायचे, ही कल्पना तीच.

शेंगदाणा मुळात दक्षिण अमेरिकेतला, आणि कोकोसुद्धा त्याच खंडाकडचा. कच्चा शेंगदाणा चवीला हिरवट लागतो. मंद आचेवर भाजताना त्यातली प्रथिने आणि शर्करा यांचा संयोग होऊन शेकडो नवी सुगंधी द्रव्ये तयार होतात. लुई कामिय माय्यार या फ्रेंच वैज्ञानिकाने १९१२ मध्ये या क्रियेचे पहिले वर्णन केले. घाईने मोठ्या आचेवर भाजले तर साल करपते आणि आत दाणा कच्चा राहतो, म्हणून जुन्या बायका कढईपाशी पाटावर बसूनच दाणे भाजत. भाजण्याने चव येते, ओलावा जातो, बरेचसे जंतू मरतात. एक गोष्ट मात्र भाजल्याने जात नाही, आणि वैद्यकाच्या दृष्टीने तीच सर्वांत महत्त्वाची आहे.

१९६० मध्ये इंग्लंडमध्ये काही महिन्यांत एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले. आधी एखादा नवा विषाणू असावा असे वाटले. शोध घेता घेता धागा त्यांच्या खाद्यापर्यंत गेला. खाद्यात ब्राझीलहून आलेली भुईमुगाची पेंड होती आणि पेंडीत ॲस्परजिलस फ्लेव्हस नावाची बुरशी. तिने तयार केलेल्या विषाला तिच्याच नावावरून अफ्लाटॉक्सिन म्हणू लागले. हे विष थेट यकृतावर घाव घालते. भारतात १९७४ च्या अखेरीस राजस्थान आणि गुजरातच्या सीमेवरील बांसवाडा व पंचमहाल भागांत आदिवासी वस्त्यांमध्ये काविळीची आणि पोटात पाणी होण्याची साथ पसरली. शंभरावर माणसे दगावली. अवेळी पावसात भिजलेला, बुरशी धरलेला मका त्यांनी खाल्ला होता. दुसरे धान्य घरात नव्हते.

अशी साथ क्वचित येते. थोडे थोडे विष वर्षानुवर्षे पोटात जाणे हे जास्त घडते, आणि त्याची खूण दिसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अफ्लाटॉक्सिनला माणसात निश्चितपणे कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले आहे. हिपॅटायटिस बी असलेल्या माणसाला धोका कितीतरी पटींनी वाढतो. शांघायमधल्या पुरुषांच्या एका अभ्यासात (१९९४) नुसते अफ्लाटॉक्सिन पोटात गेलेल्यांमध्ये यकृताच्या कर्करोगाचा धोका सुमारे तिप्पट, नुसता हिपॅटायटिस बी असलेल्यांमध्ये सुमारे सातपट आणि दोन्ही असलेल्यांमध्ये सुमारे साठपट आढळला. बाळाला जन्मानंतर चोवीस तासांच्या आत सरकारी रुग्णालयात हिपॅटायटिस बी ची लस मोफत टोचतात, तिचा भुईमुगाशी असा दूरचा संबंध आहे. पुष्कळ पालक त्या एका सुईला उगाच घाबरतात.

ही बुरशी दाण्यात शिरते ती बहुतेक वेळा शेतातच. शेंग भरण्याच्या शेवटच्या आठवड्यांत पावसाने दडी मारली, जमीन तापली की वेलाची प्रतिकारशक्ती कमी होते आणि मातीतली बुरशी शेंगेत घुसते. वाळवीने पोखरलेल्या किंवा काढणीत कुदळीने फुटलेल्या शेंगांना ती लवकर लागते. सोलापूर हा अवर्षणप्रवण जिल्हा, त्यामुळे हा धोका इथल्या शेतकऱ्याला नवा नाही. काढल्यावर शेंगा नीट वाळवल्या नाहीत किंवा ओलसर जमिनीवर पोती रचली तर उरलेले काम साठवणीत पुरे होते.

आता स्वयंपाकघरातला प्रश्न. पोळी तर गरम तव्यावर भाजतो, मग विष राहते कसे? अफ्लाटॉक्सिन मोडायला साधारण २५० अंश सेल्सिअसच्या वरचे तापमान लागते. कढईत दाणे भाजताना त्याचा काही भाग कमी होतो, पण सगळा नाही. तवा कितीही तापला तरी पोळीच्या आतले सारण शंभर अंशांच्या आसपासच राहते. केंटकीच्या पायचेही तेच, ओव्हन पावणेदोनशे अंशांवर असला तरी आतला गाभा तितका तापत नाही. बुरशी मरते, तिने आधीच तयार केलेले विष उरते.

मग उपाय काय? उपाय आपल्या आज्या करत होत्या तोच, सूप घेऊन दाणे निवडणे. यामागचे विज्ञान लक्षात घेण्यासारखे आहे. अफ्लाटॉक्सिन पोतेभर दाण्यांत सारखे पसरलेले नसते. हजारो दाणे निर्मळ असतात आणि मोजक्या दाण्यांत विषाचा मोठा साठा असतो. हे दाणे बहुधा सुरकुतलेले, काळपट, पिवळट-हिरवट डाग पडलेले, फुटके किंवा किडके असतात. तेवढे काढून टाकले की विषाचा बराच मोठा भाग निघून जातो. मोठ्या कारखान्यांतही रंग ओळखणारी यंत्रे हेच काम करतात. एकदा भाजण्याआधी आणि एकदा साल पाखडल्यावर, असे दोनदा निवडावे. साल गेल्यावर आतला डाग स्पष्ट दिसतो. जिभेवर मात्र विसंबू नये. कडू किंवा खवट दाणा थुंकून टाकावाच, पण विषाला स्वतःची चव नसल्याने गोड लागलेला दाणा निर्दोष असेलच असे नाही.

इथेच आजच्या सवयींची अडचण होते. सणाच्या घाईत तयार कूट विकत आणला जातो. दाणे दिसत असतात तोवर निवडता येतात. कूट झाला की चांगले-वाईट एकजीव होते. शेंगदाण्याच्या चटणीचेही तसेच, तिथे लसूण आणि तिखट खवटपणासुद्धा लपवतात. ‘पोळीला चांगले दाणे, उरलेसुरले चटणीला’ ही काटकसर यकृताला परवडणारी नाही. शक्यतो फोलपटासकट शेंगा किंवा टपोरे, एकसारखे दाणे घ्यावेत, कोरड्या डब्यात ठेवावेत आणि कूट लागेल तेवढाच करावा. विकतचाच घ्यायचा असेल तर वेष्टनावर परवाना क्रमांक आणि तारीख असलेला घ्यावा. सुट्या कुटाची हमी कोणी देऊ शकत नाही.

काढलेले दाणे गायी-म्हशींपुढेही टाकू नयेत. जनावराच्या शरीरात या विषाचे रूप बदलते आणि ते दुधात उतरते. घाण्यावर तेल काढल्यावर बरेचसे विष पेंडीत राहते, म्हणून बुरशी लागलेली पेंड दुभत्या जनावराला घालणे म्हणजे ते आपल्याच पेल्यात परत आणणे आहे.

एवढे वाचून शेंगापोळीच नको, असे कोणी ठरवू नये. शेंगदाणा हे गरिबाला परवडणारे उत्तम प्रथिन आहे; १०० ग्रॅममध्ये सुमारे २५ ग्रॅम प्रथिने असतात आणि त्याच्या स्निग्धांशाचा मोठा भाग हृदयाला चालणाऱ्या प्रकारचा असतो. हिशेब फक्त प्रमाणाचा. मध्यम पोळीत अंदाजे २५ ग्रॅम दाणे, तेवढाच गूळ, ३० ग्रॅम कणीक आणि चमचाभर तूप धरले तर पावणेचारशेच्या वर कॅलरी होतात, म्हणजे दीड पोळीत एका जेवणाची भरपाई होते. मधुमेही मंडळी ‘गूळ चालतो’ म्हणून दोन पोळ्या खातात. गुळात मुख्यतः साखरच असते. दाण्यातल्या तेलामुळे ती रक्तात थोडी सावकाश उतरते, त्यामुळे जेवणानंतर लगेच तपासली तर साखर बरी दिसते आणि नंतर चढते. अर्धी पोळी, भाताऐवजी, हा त्यांच्यासाठी व्यवहार्य हिशेब.

चार वर्षांखालच्या मुलांना गड्ड्यात फिरताना अख्खे शेंगदाणे किंवा फुटाणे देऊ नयेत. पाळण्यात हसता-ओरडताना दाणा श्वासनलिकेत जातो, तिथल्या ओलाव्याने फुगतो आणि दुर्बीण घालून काढावा लागतो. मूल अचानक ठसकले, मग शांत झाले, पण छातीतून शिट्टीसारखा आवाज येतो किंवा खोकला थांबत नाही, अशा वेळी सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. दाणा कुटून पोळीत घातलेला असेल तर हा धोका उरत नाही, तेव्हा लहानग्यांना पोळीचाच तुकडा द्यावा.