सुईच्या टोकावरचा ताप : थायरॉइडच्या गाठीवरील उपचार

उरण-पेणच्या मिठागरांतील मीठ समुद्राच्या पाण्यापासून तयार होत असले, तरी त्यात आयोडीन नगण्यच असते, आणि म्हणूनच १९६२ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रमाने मिठात ते बाहेरून मिसळण्यावर भर दिला. आयोडीनअभावी गळ्यातील थायरॉइड ग्रंथी सुजते, तोच गलगंड; मात्र आयोडीन पुरेसे मिळूनही तिच्यात गाठी होतात. त्यांतील बहुसंख्य कर्करोगाच्या नसल्या, तरी वाढलेली गाठ घास गिळताना अडते किंवा श्वासनलिकेवर दाब आणते. अशा गाठीसाठी ग्रंथीचा अर्धा भाग काढणे हाच रूढ मार्ग होता, ज्यात गळ्यावर व्रण राहतो आणि काहींना जन्मभर गोळी घ्यावी लागते. रेडिओफ्रिक्वेन्सी अ‍ॅब्लेशन, म्हणजे उच्च वारंवारतेच्या विद्युतप्रवाहाने गाठ आतून भाजण्याची पद्धत, दक्षिण कोरियातील डॉक्टरांनी या शतकाच्या पहिल्या दशकात याच कामासाठी घडवली.

या पद्धतीचे खरे कौशल्य उष्णता निर्माण करण्यात नाही, तर ती आवरण्यात आहे. त्वचा बधिर करून, सोनोग्राफीच्या पडद्यावर नजर ठेवत, सुईसारखा बारीक इलेक्ट्रोड गळ्याच्या मध्यभागातून बाजूच्या गाठीत नेला जातो; त्याच्या उघड्या टोकाभोवतीचे आयन प्रवाहाबरोबर वेगाने हेलकावतात आणि त्या घर्षणाने पेशी साठ अंशांच्या वर तापून मरतात. तापमान शंभराच्या पुढे गेले, तर ऊतक करपते आणि प्रवाहच अडतो, म्हणून इलेक्ट्रोडच्या आतून थंड पाणी फिरवतात. टोक एका जागी रोवून ठेवले जात नाही: गाठीचे मनोमन छोटे छोटे भाग पाडून सर्वांत खोल भाग आधी भाजतात, कारण तापल्यावर उठणारे बुडबुडे पडद्यावर पांढरे दिसून मागचे सारे झाकतात, आणि मग टोक हळूहळू वर ओढले जाते. स्वरयंत्राकडे जाणारी नस गाठीच्या मागेच असल्याने त्या कडेचा थोडा भाग मुद्दाम सोडतात, गरज पडल्यास मध्ये ग्लुकोजचेच पाणी भरून अंतर वाढवतात, कारण मिठाच्या पाण्यातून वीज वाहते, ग्लुकोजच्या पाण्यातून सहसा नाही. आणि शुद्धीवर असलेल्या रुग्णाला मधूनमधून बोलते करून आवाज शाबूत असल्याची खात्री करतात.

गाठ त्याच दिवशी नाहीशी होत नाही. मेलेला भाग शरीर सावकाश शोषून घेते आणि सहा महिने ते वर्षभरात आकार साधारणपणे निम्म्याहून कमी होतो. सोडलेली कड मात्र पुन्हा वाढू शकते, आणि गाठ बाहेर काढलीच जात नसल्याने ती संपूर्ण तपासण्याची संधी उरत नाही. त्यामुळे सुईने पेशी काढून करायची तपासणी आधी, सहसा दोनदा, निर्दोष यावी लागते. इलेक्ट्रोड महाग असतो आणि शिकाऊ हाताला येथे वाव नसतो. श्रीवर्धन-मुरूडच्या रुग्णाला यासाठी मुंबई गाठणे एकदा जमेल, परंतु पुढची सोनोग्राफी पुनःपुन्हा करावी लागते, आणि रोजंदारी बुडवून तेवढ्यासाठी प्रवास करणे अनेकांना परवडणारे नाही. त्यामुळे किनाऱ्यावरच्या तालुक्यांत यंत्राआधी यायला हवी ती गाठीचे मोजमाप विश्वासाने करणारी सोनोग्राफी आणि पेशींची नेमकी तपासणी. त्यांच्याविना हा नाजूक उपचार अर्धवटच राहील.