कबड्डीची ‘निदान रेषा’ : अर्थ कळला तर गुण वाचेल

कबड्डी न खेळलेला माणूस आपल्या वस्तीत शोधून सापडणार नाही. पण मैदानावरच्या रेषांची नावे विचारली तर जाणती मंडळीही थबकतात. मध्यरेषा सर्वांना ठाऊक आहे. बोनस रेषा टी.व्ही.वरच्या सामन्यांमुळे मुलांच्या तोंडी बसली. या दोन रेषांच्या मध्ये असते ती ‘निदान रेषा’. ती कशासाठी आणि तिला हे नाव का, याचा खुलासा येथे करावा असे आम्हांस वाटते. कारण हा नुसता शब्दांचा प्रश्न नाही. या एका रेषेच्या अज्ञानापायी पाड्यांवरची चपळ मुले हकनाक बाद होतात.

आधी मापे पाहू. पुरुषांचे क्रीडांगण १३ मीटर लांब व १० मीटर रुंद असते. मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर निदान रेषा आणि तिच्यापुढे १ मीटरवर बोनस रेषा. महिलांचे क्रीडांगण १२ मीटर लांब व ८ मीटर रुंद. तेथे निदान रेषा ३ मीटरवर व बोनस रेषा ४ मीटरवर येते.

आता नियम. चढाई करणाऱ्याने दम घेत प्रतिपक्षाच्या अंगणात शिरल्यावर निदान रेषा एकदा तरी ओलांडलीच पाहिजे. ओलांडताना शरीराचा एक भाग रेषेपलीकडे जमिनीला टेकलेला हवा आणि त्याच वेळी रेषेच्या अलीकडे काहीही टेकलेले नको. गडी न शिवता आणि रेषा न ओलांडता जो परत येतो, तो बाद. वर प्रतिपक्षाला एक गुण मिळतो. गडी शिवला असेल तर मात्र रेषा न ओलांडताही चढाई ग्राह्य धरतात.

नावाचा अर्थ आपल्या रोजच्या बोलण्यातच आहे. ‘निदान दोन घास तरी खा’, ‘निदान पत्र तरी पाठव’ असे आपण म्हणतो. निदान म्हणजे कमीत कमी. गुण मिळो न मिळो, निदान इथवर तरी जाऊन ये, असे ही रेषा सांगते. वैद्याच्या तोंडी निदान म्हणजे रोगाचे मूळ ओळखणे. बौद्ध वाङ्मयात निदान म्हणजे कारण. प्रतीत्यसमुत्पादाच्या बारा कड्यांना द्वादश निदान म्हणतात, हे आपल्या वाचकांना ठाऊक आहेच. खेळाच्या नियमाशी मात्र ‘कमीत कमी’ हाच अर्थ जुळतो.

इंग्रजीत या रेषेला ‘बॉक लाईन’ म्हणतात. बॉक हा फार जुना शेतीतला शब्द. नांगरताना दोन तासांमध्ये न नांगरता सोडलेली जमिनीची पट्टी, म्हणजे आपला बांधच म्हणा ना! पुढे त्याला अडथळा असाही अर्थ आला. बिलियर्ड्सच्या टेबलावरही या नावाची रेषा असते. कबड्डीत हा बांध ओलांडल्यावाचून चढाई पुरी होत नाही.

मैदानाच्या तुकड्याला नाव पडते ते नियमाच्या गरजेतून, हे सातासमुद्रापलीकडेही दिसते. अमेरिकेतल्या फुटबॉलमध्ये मैदानाच्या दोन्ही टोकांना १० यार्डांची पट्टी असते. तिला ‘एन्ड झोन’ म्हणतात. गोलरेषेपलीकडे झेललेला चेंडू ग्राह्य धरायचा तर त्या जागेला हद्द हवी, म्हणून १९१२ साली ही पट्टी नियमात आली. तिथे चेंडू नेला की ‘टचडाऊन’ होऊन ६ गुण मिळतात. शब्दाचा अर्थ चेंडू जमिनीला टेकवणे. आता टेकवावा लागत नाही, पण रग्बीतून आलेले नाव टिकून आहे. त्याच खेळात शेवटच्या २० यार्डांना ‘रेड झोन’ म्हणतात. त्यासाठी मैदानावर लाल रंग लागत नाही. तो केवळ बोलीतला शब्द. निदान रेषा मात्र खरोखर आखावी लागते.

आणि नेमके तेच होत नाही. सुरगाणा तालुक्यात पावसाळा दांडगा. शालेय स्पर्धांचे दिवस आणि चिखलाचे दिवस एकच. टाकलेली फक्की सकाळी दिसते, दुपारी वाहून जाते. मग सरावाला मध्यरेषा तेवढी पायाने ओढतात, बाकीचे अंतर अंदाजाने. मुलांचे पाय त्या अंदाजाला सरावतात. पुढे जिल्ह्याच्या ठिकाणी आखीव मैदानावर तीच मुले वीतभर अलीकडून मागे वळतात आणि पंचांची शिट्टी वाजते. मुलगा खाली मान घालून बाहेर येतो. आपण कशामुळे बाद झालो, हेही त्याला कळलेले नसते.

ही वीत महाग पडते. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत गुणवंत खेळाडूंसाठी ५ टक्के जागा राखीव आहेत. दहावी-बारावीलाही खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात. त्यासाठी ठरलेल्या स्पर्धांपर्यंत पोचावे लागते, आणि एकेका गुणाने संघ घरी परततात. मजुरी करणाऱ्या आईबापांच्या लेकराला असा गुण गमावणे परवडणारे नाही.

उपाय सोपा व बिनखर्चाचा आहे. एक लांब सुतळी घ्या. मुलींसाठी ३, ४ व ६ मीटरवर, मुलांसाठी ३.७५, ४.७५ व ६.५ मीटरवर गाठी मारा. ही मापे मोठ्या गटांची आहेत. लहान वयोगटाची मापे क्रीडाशिक्षकांकडून विचारून घ्या. गाठींवर राख किंवा चुना टाकून रेषा ओढा. पावसाने पुसल्या तर पुन्हा ओढा. मुलींना मुलांच्या मापावर खेळवू नका. त्यांची रेषा वेगळी आहे, त्यांचा पाय तिलाच सरावला पाहिजे.

आयाबहिणींनाही आमची विनंती आहे. मुलगी खेळून घरी आली की ‘जिंकलीस का?’ एवढेच विचारू नका. ‘निदान रेषा ओलांडलीस का?’ असेही विचारा. घरात हा प्रश्न निघू लागला की मैदानावर तिचा पाय आपोआप पुढे पडेल.