महासीरचा जिव्हाळा: ओढ्यातील गोटे

नर्मदाकाठी ज्यास ‘बाडस’ व महाराष्ट्रात ‘खडस’ म्हणतात, तो महासीर मासा मध्यप्रदेश शासनाने २०११ साली राज्याचा मासा म्हणून घोषित केला. १९६० च्या सुमारास नर्मदेच्या मधल्या पट्ट्यातील मासळीत त्याचा वाटा जवळजवळ एक चतुर्थांश होता. आज तो क्वचितच जाळ्यात येतो.

महासीर हा स्वच्छ, वाहत्या पाण्यातील मासा होय. पावसाळ्यात पुराबरोबर तो मोठ्या नदीतून उपनद्यांत चढतो आणि गोट्या-वाळूच्या तळावर अंडी घालतो. रोहू-कटल्याच्या मानाने ही अंडी फार थोडी असतात. ती तळाशी बसून गोट्यांच्या सांदीत राहतात. तीन-चार दिवसांत पिले बाहेर पडतात खरी, परंतु त्यांना लगेच नीट पोहता येत नाही. पोटाशी असलेल्या बलकावर जगत ती आणखी काही दिवस त्याच सांदीत पडून असतात. या काळात शेतातला गाळ येऊन सांदी बुजल्या, तर ती गुदमरतात. गोटेच उचलून नेलेले असले, तर अंड्यांना आसराच उरत नाही.

बर्गी, इंदिरा सागर, ओंकारेश्वर या धरणांमुळे मुख्य नदीचा बराचसा भाग संथ जलाशय झाला आहे. त्यावर ग्रामस्थांचा इलाज नाही. परंतु बडवाहजवळ नर्मदेस मिळणाऱ्या चोरलसारख्या उपनद्यांचे तळ राखणे पुष्कळसे काठच्या गावांच्या हाती आहे. बांधकामासाठी तेथील गोटे व वाळू काढू देऊ नये. नांगरट थेट काठापर्यंत न नेता गवताचा व झाडांचा पट्टा सोडावा, म्हणजे गाळ तेथेच अडतो. वैशाखात मोठे मासे ज्या डोहांत तग धरून असतात, ते पंप लावून कोरडे करू नयेत. ब्लीचिंग पावडर, सुरुंग किंवा विजेचा प्रवाह सोडून केलेली मासेमारी तर पिलांसह सगळाच डोह मारते.

मध्यप्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट हा मासेमारीचा बंदीकाळ आहे. महासीर मात्र सगळी अंडी एकदम घालीत नाही. त्याची वीण ऑगस्टनंतरही चालू राहते. त्या उशिराच्या अंड्यांचे रक्षण कायदा करीत नाही, ते गावानेच ठरवून करावे लागते. असे करणे अशक्य नाही. रायगड जिल्ह्यात महाडजवळ काळ नदीवरील वाळण कोंडीत ग्रामस्थांनी देवीच्या श्रद्धेने महासीर पिढ्यान्‌पिढ्या राखले आहेत. तेथे पहारा बसवावा लागला नाही.

लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून महासीरची कृत्रिम पैदास होत आली. परंतु बोटुकली सोडून काम भागत नाही. वाढल्यावर अंडी घालण्यास त्यांनाही ओढाच लागतो.

शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून गावच्या डोहांची उन्हाळ्यातील खोली दरवर्षी मोजून घ्यावी, आणि महासीर दिसल्यास जागा व दिनांक यांची नोंद ठेवून ती जिल्हा मत्स्योद्योग कार्यालयास कळवावी.