मुरमावरची कारकीर्द

नोव्हेंबर २०२४मध्ये केटीएमने भारतात एक मोटरसायकल विकायला काढली. इंजिन ५० सीसीचं, उंची लहान पोराला बेतलेली, किंमत पावणेपाच लाख. बदलापुरात एवढ्या पैशांत वन बीएचकेच्या डाउन पेमेंटची बोलणी सुरू होतात. या गाडीला हेडलाइट नाही, हॉर्न नाही, नंबर प्लेट नाही. आरटीओत तिची नोंदणी होत नाही, त्यामुळे घरापासून मैदानापर्यंत ती टेम्पोत बसून जाते. आता हा टेम्पो जाणार कुठे, तिथूनच मातीवर मोटरसायकल पळवणाऱ्या मोटोक्रॉसपटूच्या कारकिर्दीची गोष्ट सुरू होते.

या खेळावर लिहायला बसलं की हिंमत, वेग, मोडलेली हाडं हा मजकूर आपोआप सुचतो. तो खोटाही नाही. पण महाराष्ट्रातले रायडर कुठे घडले आणि पुढे कुठे गेले याचा माग काढला, तर हाती लागतं ते जमिनीचंच प्रकरण.

आमचा उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर पट्टा घ्या. उल्हासनगर सगळं मिळून तेरा-एक चौरस किलोमीटर. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित आले, बराकींचं शहर झालं, आणि कॅम्प एकपासून पाचपर्यंत इंच न् इंच वापरात आला. अंबरनाथला एमआयडीसी आणि ऑर्डनन्स फॅक्टरी. बदलापुरात कालचं भातखाचर आज टॉवरचा पाया. सलग सपाट जमीन म्हणावी तर नेवाळीची. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी धावपट्टीसाठी ती शेतकऱ्यांकडून घेतली. त्या जमिनीवरून २२ जून २०१७ रोजी आंदोलन पेटलं, रस्त्यावर गाड्या जळल्या. तिथे मातीच्या उड्या बांधायची परवानगी मागायला जाणारा माणूस माझ्या तरी पाहण्यात नाही.

पोरांना माती हवी असतेच. हीरोची एक्सपल्स ही मातीत चालणारी गाडी २०१९मध्ये लाखाच्या आत आली, पाठोपाठ कंपनीनेच ३८ हजारांचं रॅली किट काढलं, आणि रविवारी पहाटे बारवी धरणाच्या नाहीतर मलंगगडाच्या बाजूला चिखलाने माखलेल्या गाड्या दिसू लागल्या. हौस म्हणून उत्तम. मोटोक्रॉसची तयारी म्हणून जवळपास शून्य, कारण या खेळात तोच कोपरा, तीच उडी दिवसाला शंभरदा मारावी लागते.

मातीवरची शर्यत या भागाला नवी नाही, हे इथे सांगायला हवं. भात कापून झालं की रिकाम्या शेतात बैलगाड्यांच्या शर्यती व्हायच्या, होतात. २०१४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या थांबवल्या, डिसेंबर २०२१मध्ये अटींसह परवानगी मिळाली, मे २०२३मध्ये घटनापीठाने कायदा उचलून धरला. बैलांमागे गावं उभी राहिली, सगळे पक्ष उभे राहिले, विधिमंडळात विधेयक आलं. मोटरसायकलमागे उभा असतो बाप, आणि त्याच्या ओळखीचा एखादा गॅरेजवाला.

मोटोक्रॉसचा जन्म इंग्लंडमधला. २९ मार्च १९२४ रोजी सरे परगण्यातल्या कॅम्बर्लीच्या माळावर पहिली ‘स्क्रॅम्बल’ झाली. डोंगरउताराच्या नैसर्गिक जमिनीवर होतो तो मोटोक्रॉस. तीच शर्यत स्टेडियममध्ये माती ओतून बांधलेल्या ट्रॅकवर झाली की सुपरक्रॉस. १९७२मध्ये लॉस एंजेलिसच्या कोलिझियममध्ये झालेली अशी शर्यत मार्टी ट्राइप्स या सोळा वर्षांच्या पोराने मारली आणि अमेरिकेत या धंद्याला बरकत आली.

सुरुवात कशी होते ते जवळून पाहण्यासारखं आहे. रायडरसमोर जमिनीलगत लोखंडी गेट उभं असतं. आधी १५ सेकंदांचा फलक दिसतो, मग ५चा. त्यानंतर पाच ते दहा सेकंदांत गेट कधीही पडतं, आणि पडतं ते रायडरच्या दिशेने. घाई केलेल्याचं पुढचं चाक त्यातच अडकतं. म्हणून सगळ्यांची नजर गेटवर, डाव्या हाताची बोटं क्लचवर, थ्रॉटल अर्ध्यावर. गेट पडलं की रांगेतले सगळे एकाच अरुंद वळणात घुसतात. जागतिक स्पर्धेत एक शर्यत तीस मिनिटं अधिक दोन फेऱ्यांची असते. सीट नावालाच, बहुतेक वेळ रायडर फूटपेगवर उभा. गाडी शंभर किलोंच्या वरची, सस्पेन्शनची चाल जवळजवळ फूटभर, तरी उडीवरून उतरतानाचा दणका मनगटापर्यंत पोचतोच. काही फेऱ्यांनंतर कोपराखालचे स्नायू दगडासारखे होतात, बोटं मिटत नाहीत. रायडर याला ‘आर्म पंप’ म्हणतात. गाडीच पळते, माणूस नुसता बसतो, असं ज्यांना वाटतं त्यांनी शर्यतीनंतर रायडरला पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडताना पाहावं.

महाराष्ट्रात या खेळाचं घर पुणं. ते का, याचं माझं उत्तर साधं आहे: वाहन कारखान्यांमुळे तिथे हुशार मेकॅनिक होते, आणि शहराभोवती मुरमाड माळ होते. आरएक्स १००, शोगन, सुप्रा अशा टू-स्ट्रोक गाड्या घ्यायच्या, सायलेन्सर बदलायचा, शॉकअप कडक करायचे, नॉबी टायर चढवायचे आणि उतरायचं. एमआरएफच्या नावाने राष्ट्रीय सुपरक्रॉस मालिका चालली, पुण्यात श्रीकांत करंदीकर यांच्या स्पोर्ट्सक्राफ्टने डर्ट ट्रॅकच्या शर्यती भरवल्या. पण यातले बरेचसे ट्रॅक चार दिवसांचे. डंपर मुरूम टाकतो, जेसीबी उड्या रचतो, टँकर पहाटेपासून पाणी मारतो. पाणी कमी पडलं तर धुरळ्यात पुढचा दिसत नाही, जास्त झालं तर चाक रुततं. शर्यत संपली की तोच जेसीबी मैदान सपाट करतो. अमेरिकेत एका स्टेडियममध्ये सुमारे पाचशे ट्रक माती जाते, तीही शर्यतीनंतर उचलतात. फरक एवढाच, की तिथल्या रायडरला सोमवारी सरावाला दुसरा ट्रॅक असतो.

२८ जानेवारी २०२४ रोजी बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडासंकुलात इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी झाली. तिच्या संस्थापकांत पुण्याचा रायडर ईशान लोखंडे. फ्रँचायझी, परदेशी रायडर, दिव्यांचा झगमगाट सगळं आलं. ४५० सीसी गटात फ्रान्सचा माजी विश्वविजेता जॉर्डी टिक्सिए जिंकला. भारतीय पोरांनी त्याला उडीवर पाहिलं, हीच मी पहिल्या हंगामाची मोठी मिळकत मानतो.

आता पोटापाण्याचं. बक्षिसाच्या रकमेवर घर चालत नाही; चालतं ते कंपनीच्या संघात जागा मिळाली तर. होसूरच्या टीव्हीएसने १९८२पासून रेसिंग संघ चालवला आहे. पुण्याचे ऋग्वेद बारगुजे आणि पिंकेश ठक्कर, शिवाय तनिका शानभाग ही नावं राष्ट्रीय निकालांत दिसत राहिली. कारखान्याच्या संघात गाडी, सुटे भाग, मेकॅनिक, प्रवास कंपनीचा. त्याबाहेरच्या रायडरने कॉलरबोन मोडली तर प्लेट बसवण्याचा खर्च घरचा, आणि हंगामही बुडीत. सरकारी मानसन्मानाची वाट पाहण्यात अर्थ नाही: मोटरस्पोर्टला पहिला अर्जुन पुरस्कार २०१९मध्ये मिळाला, तोही गौरव गिल या चारचाकी रॅलीवाल्याला.

अमेरिकेचा मोटोक्रॉसपटू रिकी कारमायकल २००७मध्ये सत्ताविशीत निवृत्त झाला, रायन विलोपोटो त्याहून एक वर्षाने कमी वयात. दोघांची कमाई झाली होती आणि शरीरं दमली होती. आपल्याकडे कारकीर्द संपत नाही, वळण घेते. बंगळूरचा सी. एस. संतोष सुपरक्रॉसमधून रॅलीकडे गेला, २०१५मध्ये वाळवंटातली डकार रॅली पूर्ण करणारा पहिला भारतीय ठरला. के. पी. अरविंदने तीच वाट धरली. केरळचा हरिथ नोआ २०२४मध्ये डकारचा रॅली-२ गट जिंकला. वाळवंटाला ट्रॅक लागत नाही, आणि कंपन्यांना जगभर दिसणारी जाहिरात हवी असते. दोन्ही कारणं खरी आहेत. मोजावी लागणारी किंमतही तितकीच खरी. जानेवारी २०२१च्या डकारमध्ये संतोष पडला, त्याला औषधांनी बेशुद्धावस्थेत ठेवावं लागलं. त्याच वर्षी मर्चंट नेव्हीतला अधिकारी आशिष रावराणे खाजगी स्पर्धक म्हणून उतरला होता. दुखापतीने त्यालाही शर्यत सोडावी लागली.

सगळ्यांत लांबचं वळण पुण्याच्या संजय टकले यांचं. सुरुवात १९८०च्या दशकाच्या अखेरीस, मोटोक्रॉसच्या मातीत. मग चारचाकी, आशियाई रॅली, आणि पंचावन्नी उलटल्यावर जानेवारी २०२५मध्ये जुन्या गाड्यांच्या डकार क्लासिकमध्ये टोयोटा घेऊन अठरावा क्रमांक. पहिल्या शर्यतीपासून तिथपर्यंत पस्तीसेक वर्षं. एवढी वर्षं खेळात टिकायचं तर मोटरसायकल सोडावी लागली, हे त्या कारकिर्दीत लिहिलेलंच आहे.

संतोषने मात्र दुखापतीच्याही आधी एक काम करून ठेवलं होतं. कोलारजवळ जमीन घेऊन बिगरॉक डर्ट पार्क उभा केला; उड्या कायमच्या, प्रशिक्षण बारमाही. उल्हासनगर किंवा अंबरनाथच्या एखाद्या पोराने आज गंभीरपणे शिकायचं ठरवलं, तर पर्याय दोनच. गाडी पिकअपमध्ये दोरीने बांधून घाट चढून पुण्याला जायचं आणि कुणाच्या माळावर परवानगी मिळते ते पाहायचं, नाहीतर हजारेक किलोमीटरवरचं कोलार गाठायचं. डिझेल, टोल, राहणं, शाळेची बुडालेली हजेरी हे सगळं त्या पावणेपाच लाखांच्या वर.